पांढरीवरचा डबा

जमिनीखाली सोनं नाही, मुरूम आहे.

हे वाक्य माझं. आमच्या संघटनेच्या पत्रकावर ते ठळक टायपात छापलं होतं. त्याखाली मांत्रिक कसा गंडवतो, काळं कोंबडं कशाला मागतो, अमावास्याच का निवडतो, पुरलेलं धन काढायला पायाळू माणसाच्या मागे का लागतो, त्याचा बळी का देतो आणि कायदा काय म्हणतो, ते सगळं बारीक टायपात. पत्रक लिहायचं तर वाचणारा एसटीची वाट बघत उभा आहे असं समजून लिहायचं, असं मला शिकवलं गेलं. पहिल्या ओळीत त्याची गचांडी धरायची, शेवटच्या ओळीत त्याला कामाला लावायचं. मला ते जमायचं. बीड जिल्ह्यात गेले ती पत्रकांचे गठ्ठे घेऊनच. नेकनूरच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला जी गावं आहेत, तिथल्या शाळांत कार्यक्रम करायचे होते. मी सांगलीकडची, हा मुलूख मला अगदी नवा.

दिवाळी होऊन गेली होती. म्हणजे निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. दारांना कुलपं, ओट्यांवर म्हातारी माणसं, रस्त्यावर शेरडं. दुपारी गाव असं गप्प व्हायचं की चालताना आपलीच चप्पल आपल्या मागून येतेय असं वाटावं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही.

राहायची सोय अंगणवाडी चालवणाऱ्या एका बाईंकडे होती. त्यांना मी वहिनी म्हणायचे. घरात त्यांचा नवरा, सासू आणि नणंद. नवरा गाव ते नेकनूर जीप चालवायचा. नणंद माझ्याच वयाची, नेकनूरच्या एसटी स्टँडजवळ तिचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, एक मशीन आणि दोरीवर टांगलेले लोकांचे ब्लाउज. पण ते तिचं होतं. सकाळी भावाच्या जीपमध्ये बसून जायची, दिवेलागणीला परत. या दुकानापायी तिनं आलेली स्थळं परतवून लावली होती. "मशीन ज्याच्या घरात मावंल, त्याच्याच घरात मी मावंन," असं ती तोंडावर सांगायची, आणि पाहुणे पोहे खाऊन निघून जायचे.

पहिल्याच सकाळी बघते तर अंगणात एक धोतरवाला गडी पालथा पडलेला. नणंदेनं हातातला कप तसाच धरून उजवा पाय त्याच्या कमरेवर टेकवला, टाचेनं जरा दाबला, काढला. गडी उठला, कंबर हलवून बघितली, "ब्येस झालं" म्हणाला आणि चालता झाला.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"उसण भरली व्हती त्याला. मी पायाळू हाय ना. जन्मताना पाय आदुगर आले माझे. पायाळूचा पाय लागला की उसण निघती."

झालं. मी सुरू झाले. स्नायू आखडतो, थोड्या वेळानं आपोआप सुटतो, बाळ आडवंतिडवं येण्यात काही दैवी नसतं, एकविसाव्या शतकात तुझ्यासारख्या स्वतःच्या पायावर उभ्या मुलीनं...

"म्याडम, तुमच्या चहावर साय धरायली," ती म्हणाली. "पाय माझा, कंबर त्याची. तुमचं काय दुखायलंय?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. चुलीपाशी बसलेली सासू मात्र हसली नाही. मला जवळ बोलावून म्हणाली, "बाई, हे बाहीर कुटं बोलू नगंस. गावाला ठावं हाय, गाव घरचं हाय. बाहीरची मानसं पायाळू कावून हुडकत्यात ते तूच लिवलंयस की. सूनबाईनं वाचून दावलंय मला."

माझं पत्रक चुलीपर्यंत पोचलं याचा मला तेव्हा आनंदच झाला.

आता खेळाचं सांगते. दौऱ्यावर मला एक नाद होता. जगभर लोक लहानसे डबे लपवून ठेवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनवरच्या ॲपवर टाकतात, आणि दुसरे लोक ते शोधत जातात. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. डबा सापडला की आतल्या चिठोऱ्यावर सही करायची, एखादी फुटकळ वस्तू घ्यायची, बदल्यात आपली ठेवायची, आणि डबा होता तसा लपवायचा. खेळात नसलेल्या माणसाला सुगावा लागू द्यायचा नाही, हा सगळ्यात मोठा नियम. भाषणं, वाद, घोषणा यांच्यामध्ये तेवढा वेळ माझा असायचा. अनोळखी गावात असा डबा हाती लागला की वाटायचं, या जागेची आणि माझी खासगी ओळख झाली.

त्या भागात ॲपवर एकच ठिपका होता, आणि तो होता पांढरीवर. पांढरी म्हणजे उठून गेलेल्या जुन्या गावाचं टेकाड. पडलेल्या घरांची माती साचून झालेलं. ती पांढरी माती लोक घरांच्या धाब्यावर टाकायला नेतात, बाकी तिकडे कुणी फिरकत नाही. कुणा सायकलवरून फिरणाऱ्या प्रवाशानं तिथे कधीकाळी डबा ठेवला होता. त्यानंतर तो कुणालाही सापडल्याची नोंद नव्हती.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी नणंद म्हणाली, "चला, मी येती. तुमाला वाट घावायची न्हाई."

ऊन तापलेलं होतं. वाटेत तुरीची रानं, तीही बिनमाणसाची. मी विचारलं, जुनं गाव उठलं कशानं?

"कोन म्हणतं रोगराई आली. कोन म्हणतं दरवडा पडायच्या भेवानं एका राती गेलं, रांजणं पुरून."

"गावं पाण्यासाठी उठतात," मी म्हणाले.

"तुमाला बरं समदं आदीच म्हाईत असतंय," ती म्हणाली. "मंग डबा कुटं हाय ते बी सांगा की."

टेकाडावर एक कडुलिंब होता आणि त्याच्याखाली ओळीनं वीरगळ, झिजून झिजून वीरांची तोंडं गेलेले. फोनवरचा बाण गरागरा फिरायला लागला. मी दगडांमागे वाकून बघत होते. तिनं चार पावलं टाकली, शेवटच्या वीरगळापाशी थांबली आणि पायानंच एक धोंडा सारला. खाली प्लास्टिकचा डबा.

"कसं कळलं तुला?"

"धोंडा हालत व्हता," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून खदखदून हसली.

डब्यात किल्ल्यांची साखळी होती, एक गोटी, केसांची क्लिप, आणि परदेशी पितळी नाणं. ते तिला फार आवडलं. चिमटीत धरून तिनं उन्हाकडे केलं, इकडून तिकडून फिरवलं. "सोन्यावानी चमकतंय, न्हाई?" ओढणीच्या टोकाला बांधलेलं एक फॅन्सी बटण सोडून तिनं डब्यात टाकलं आणि नाणं घेतलं. मी चिठोऱ्यावर सही केली.

तेवढ्यात घंटांचा आवाज. खाली, उताराला, शेरडं चारणारा एक म्हातारा उभा होता. गावातलाच. सगळे त्याला तात्या म्हणायचे. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी हळूच म्हणाले, "लपव." तिनं डबा ओढणीखाली घेतला.

"काय घावलं ग?" तात्यानं खालूनच विचारलं.

"कुटं काय, तात्या. म्याडमच्या पायात काटा मोडलाय."

त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. "बुटात?" एवढंच म्हणाला.

आम्ही डबा जागेवर ठेवायला थांबलो नाही. तो तिच्या ओढणीखालीच घरी आला. उतरताना मी एकदा मागे बघितलं. शेरडं पुढे गेली होती. तात्या तिथेच उभा होता, धोंडा सारला होता त्या जागेकडे बघत.

दुसऱ्या दिवशी नळावर मी गेले तशी बोलणी थांबली. पिठाच्या गिरणीत एका बाईनं अगदी आदबीनं विचारलं, "म्याडम, तुमचं यंत्र जमिनीत किती खोल बघतंय?" मी हसले. मग मी समजावून सांगितलं, जसं मी सगळ्यांना सगळं समजावून सांगते. कुणीतरी वस्तू लपवून ठेवतो, आकाशातल्या उपग्रहावरून जागा कळते, आम्ही ती गुपचूप शोधून काढतो. बोलताना माझ्याच कानाला ते कसंतरी लागलं. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला होता, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

"आन पायाळू कावून लागतो संगट?" त्यानं विचारलं.

"लागत नाही! ती आपली वाट दाखवायला आली होती."

"तेच की," तो म्हणाला. "वाट दाखवायलाच लागतो."

काही दिवसांनी वहिनींच्या नवऱ्यानं जीपमधून उतरता उतरता सांगितलं, पांढरीवर कुणीतरी खणलंय. मी त्याच्यासोबत बघायला गेले. आमचा डबा जिथे होता तिथे पुरुषभर खड्डा. वीरगळ उपटून कडेला पालथा टाकलेला. लिंबं, कुंकू, काळी पिसं. हे सगळं मी पत्रकात लिहिलेलं होतं, चित्रासकट. मला नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते खड्ड्याच्या काठावर. हळदीनं काढलेली दोन पावलं. बाईच्या पावलांच्या मापाची, खड्ड्याकडे तोंड केलेली.

भावानं ती चपलेनं पुसून टाकली. बराच वेळ पुसत होता.

"गावातल्यांचं काम न्हाई," तो म्हणाला. "एवढं खणाया गावात गडी राहिलेत कुटं?"

अमावास्येला आठवडा होता तेव्हा दुपारी एक पांढरी गाडी दारात येऊन थांबली. आतून एक बुटका, हसरा माणूस उतरला. कपाळाला अष्टगंध, बोलणं लोण्यासारखं. बरोबर एक म्हातारी. ड्रायव्हर गाडीतच बसून राहिला, इंजीन चालू ठेवून. आष्टीकडचे आहोत म्हणाले, मुलगी बघायला आलोय, उशिरा कळलं म्हणून निरोप धाडता आला नाही. पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. नणंद नेमकी घरी होती. सासूची धांदल उडाली. वहिनींनी पोहे टाकले. मी भिंतीला टेकून उभी होते.

मुलीला नाव विचारलं नाही. शिक्षण विचारलं नाही. त्या माणसानं विचारलं, "बाळंतपण घरी झालतं का दवाखान्यात?"

"कुनाचं?" सासू गोंधळली.

"हिच्या येळंचं हो. सुईण कोन व्हती? जित्ती हाय का?"

सासूनं हातातली बशी खाली ठेवली. ती काही बोलायच्या आत म्हातारी कळवळली. "आय आय... गाडीत बसून उसण भरली ग. पोरी, जरा पाय लाव." आणि सरळ चटईवर पालथी झाली.

मला त्या क्षणी ओरडायला हवं होतं असं आज कुणी म्हणेल. पण तिथे उभं असताना एक म्हातारी विव्हळत होती, एवढंच दिसत होतं. नणंद पुढे झाली. लहानपणापासून जो वाकडा होऊन दारात आला त्याला तिनं पाय लावला होता. तिला दुसरं काही सुचलंच नाही. सासूनं "नगं" म्हणून हात वर केला तोवर टाच म्हातारीच्या कमरेवर टेकली होती. तो माणूस वाकला. हातातले पोहे बाजूला ठेवून, नीट वाकून, तिच्या तळपायाकडे बघत राहिला. म्हातारी उठून बसली. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"पोरगी पसंत हाय," तो म्हणाला. "आमच्यात रीत हाय, आदुगर पोरीनं घर बगायचं. आमुशाच्या आदल्या दिशी गाडी धाडतो."

"अमावास्येच्या तोंडावर मुलीला घर बघायला नेतात?" माझा आवाज चढला. "कुठली रीत ही? कुठल्या गावची?"

तो माझ्याकडे वळला. इतका वेळ त्याला मी दिसतच नव्हते.

"म्याडम, आमुशा-पुनव असलं काय नसतंय, हे तुमीच लिवलंय ना?"

नणंदेनं मान वर करून विचारलं, "मशीन मावंल का तुमच्या घरात?"

"मशीन कशाला? बसून खाशील."

ती उठून आत गेली. पेढ्यांचा बॉक्स मी त्यांच्या मागोमाग गाडीत फेकला. त्यानं तो उचलून ओट्यावर परत ठेवला, हसत, आणि गाडी गेली.

वहिनींना घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांना मी कायद्याची कलमं सांगायला लागले तर ते म्हणाले, "कायदा मला पाठ आहे. तुम्ही घटना सांगा." मी सांगितली. ते लिहिता लिहिता थांबले. "पाहुणे आले, पोहे खाल्ले, पेढे ठेवले, मुलगी पसंत केली. यात कलम कोणतं लावू, तुम्हीच सांगा. गाडीचा नंबर?"

नंबर कुणीच बघितला नव्हता. मी पत्रकात लिहिते, 'सावध राहा, पुरावा ठेवा', आणि माझ्याकडे नंबर नव्हता. साहेबांनी स्वतःचा मोबाइल नंबर दिला. "गाडी दिसली की फोन करा. मी येतो." येतील असं वाटलं. पण त्यांच्या ठाण्यापासून गावापर्यंतचा रस्ता मी बघितला होता.

मग मी ठरवलं, लपवालपवीनंच हे सगळं झालं, तर उघड्यावर आणायचं. गावाला मारुतीच्या पारावर बोलावलं. होते नव्हते ते म्हातारे, पोरीबाळी, गिरणीवाला, सगळे आले. समोर तात्या, खांद्यावर घोंगडी. मी डबा उघडून पारावर पालथा केला. साखळी, गोटी, क्लिप, बटण, चिठोरा. नणंदेनं नाणं तळहातावर ठेवून सगळ्यांपुढून फिरवलं.

"हे पितळ आहे," मी म्हणाले. "हवं त्या सोनाराला दाखवा. हा खेळ आहे, फक्त खेळ."

"हे दावायला ठिवलंय," तात्या म्हणाला. "खरं कवाच हाललं."

"किती घावलं, म्याडम? हंडा का रांजण?" मागून कुणीतरी, आणि लोक हसले.

एक म्हातारा तात्याला म्हणाला, "तुला काय दिसलं बे? तुला तर तुजी शेरडं बी वळखू येत न्हाईत."

"पिवळं दिसलं," तात्या शांतपणे म्हणाला. "ही पायाळू हाय. हिनं पायानं धोंडा सारला, खाली डबा व्हता. डब्यातून पिवळं काढून हिनं उन्हात धरलं. मला बगितल्यावर लपवलं. बुटात काटा मोडला म्हनली. ह्यातलं काय खोटं हाय सांग."

काहीच खोटं नव्हतं. मी कितीतरी सभांतून कितीतरी थापा उघड्या पाडल्या असतील, पण या माणसानं जे बघितलं ते सगळं खरं होतं. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते आणि तिच्या पायांकडे.

तेव्हा सासू उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू.

"कोन पायाळू?"

मग तिनं लेकीला हाताला धरून पुढे घेतलं.

"माझी लेक पायाळू न्हाई. हिच्या आदुगर एक झालती, ती पायाळू. पाचवी पुजायच्या आदीच गेली. ही जन्मली आन लोक हिलाच पायाळू म्हनू लागले. म्या म्हनू दिलं. लोकांच्या कंबरा बऱ्या व्हायल्या, मला काय त्याचं?"

धोतरवाला गडी, तोच, पहिल्या सकाळचा, रडकुंडीला येऊन म्हणाला, "काकू, मंग माझी उसण कशी गेली?"

"तू पालथा पडून राह्यलास म्हनून गेली, मुडद्या!"

लोक असे हसले की पाराखालची कुत्री उठली. हे माझ्या पत्रकातलं वाक्य होतं, शब्दांनी वेगळं पण तेच. आणि ते टाळ्या घेत होतं. तात्या हसला नाही. पण घोंगडी सावरून मागे सरला.

घरी जाताना वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "आदुगरची कुनी नव्हती. हीच पयली लेक."

मी सासूला गाठलं. "आई, तुम्ही लोकांना असं सांगायला हवं होतं की पायाळू वगैरे काही नसतंच..."

"ते तू कागदात लिव," ती म्हणाली. "मला माझी लेक घरात पायजे."

त्यानंतरच्या सगळ्या दिवसांत, त्या गावात, मी 'पायाळू असं काही नसतं' हे वाक्य उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर म्हातारीच्या साक्षीला अर्थ उरला नसता. एक पायाळू होती आणि ती मेली, हे गावानं मानायला हवं होतं, म्हणजे ही वाचली असती. माझ्यासारखीनं अंधश्रद्धा जपायची, काय दिवस आले! संताप यायचा. तो संताप घेऊन मी रोज शाळांत जायचे आणि मुलांना चमत्कारांमागचं विज्ञान सांगायचे.

अमावास्येच्या आदल्या दिवशी भाऊ म्हणाला, आज दुकान बंद ठेव.

"कावून?" नणंद म्हणाली. "आज घरात बसले तर मी पायाळू हाय असंच ठरंल. पायाळू नसनारी मानूस कामाला जातीया."

ती गेली. मी, वहिनी आणि अंगणवाडीच्या मदतनीस बाई, तिघी दुकानात जाऊन बसलो. मशीन चालू होतं. जेवणाच्या सुमाराला समोर गाडी येऊन उभी राहिली. मी या वेळी नंबर लिहून घेतला आणि साहेबांना फोन लावला. अष्टगंधवाला रस्ता ओलांडून शटरपाशी आला.

"चला, घर बगून येऊ."

तिनं मान वर केली नाही. गळ्यात टेप होता, सुईखालून कापड सरकत होतं. "मी ती न्हाई. आईनं गावाला सांगितलंय."

"आईला काय म्हाईत?" तो प्रेमानं म्हणाला. "पाय सांगतो."

तो एक पायरी चढला. मी मध्ये उभी राहिले, कायद्याचं नाव घेतलं, ओरडले. त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक, तो माझ्या खांद्यावरून तिच्या पायांकडे बघत होता, मशीनच्या पायडलवर खालीवर होणाऱ्या. शेजारच्या गॅरेजमधला चाचा हातातला पाना घेऊनच बाहेर आला. फळांच्या गाड्यावरची दोन माणसं त्याच्या मागे.

"क्या होना, भाई?" चाचा म्हणाला. "लेडीज का दुकान है. ब्लाउज शिवायचाय का तुमाला?"

फळवाले हसले. अष्टगंधवाला त्यांच्याबरोबर हसला. "घाई न्हाई," म्हणाला. "आमुशा दर म्हयन्याला येती." आणि गाडीत जाऊन बसला. साहेब आले तेव्हा रस्त्यावर फक्त तेलाचा डाग होता. नंबर त्यांनी तपासला. तो एका ट्रॅक्टरचा निघाला.

मी सांगलीला परत आले. ॲपवर त्या डब्याची जागा काढून टाकायला लिहिलं. खेळ चालवणाऱ्यांनी ठिपका पुसला. ठिपका पुसला म्हणून पांढरीवरचे खड्डे थांबले नाहीत. वहिनी सांगतात, आता लिंबाची मुळं उघडी पडली आहेत.

नणंद दर अमावास्येच्या आदल्या दिवशी दुकानातून फोन करते. तसं आमचं ठरलंय. "न्हाई आली गाडी," म्हणते, मग इकडचं तिकडचं बोलतो, मला म्याडम म्हणायचं तिनं कधीच सोडून दिलंय. भाऊ आता जीप स्टँडवरच लावून ठेवतो. चाचानं गॅरेजचं बाकडं तिच्या शटरसमोर आणून टाकलंय. तिच्याकडे गिऱ्हाईक आहे, काम आहे, आणि स्थळ एकही येत नाही. पायाळू नाही हे गावानं मानलं. पण तिला मागणी कोण घालून गेलं, हेही गावाला माहीत आहे.

आज तिचा फोन आला.

"गाडी न्हाई आली," ती म्हणाली. "पन एक बाई आलती. लांबची वाटली. कापड टाकून गेली ब्लाउजला. हिरवं हाय, नवरीला घेत्यात तसलं."

"मग?"

"माप दिलं न्हाई तिनं. जुना ब्लाउज बी दिला न्हाई. म्या इचारलं, कुनाच्या मापाचं शिवू? तर म्हनली, तुज्याच मापाचं शिव."

"कापू नकोस," मी म्हणाले. "कापडाला हात लावू नकोस. साहेबांना फोन कर, भावाला बोलाव, शटर ओढून चाचाच्या गॅरेजमध्ये जाऊन बस. मी निघतेय."

"ये तू," ती म्हणाली. "शटर मी वढनार न्हाई."

आणि फोन ठेवायच्या आत तिनं मशीन सुरू केलेलं मला ऐकू आलं. मी हे बीडच्या एसटीत बसून लिहितेय.